दूध संघांच्या संचालकांना खुलं पत्र: फॅट बघता, तशी एकदा निळी कडीही बघा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व संचालक,
राज्यातील सहकारी दूध संघ

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर संपायच्या आत तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभा उरकतील. विषयपत्रिका दरवर्षीचीच असणार. मागील सभेचं इतिवृत्त, ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक, दर फरक, आणि सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. त्या शेवटच्या ओळीत माझा एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. विषय ब्रुसेलोसिसचा आहे. आमच्या खात्याच्या कागदांत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गायीला तो गाभडवतो आणि तीच गाय सांभाळणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने तापानं झिजवतो.

पत्र सरकारला का लिहीत नाही, असं तुम्ही विचाराल. सरकारनं आपल्या वाट्याचं बरंचसं सुरू केलं आहे. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम जाहीर झाला. लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटी रुपये ठेवले गेले. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच लस टोचायची, अशी योजना आहे. योजना चांगलीच आहे, पण लस उद्याच्या गायीला वाचवते. आज गोठ्यात उभी असलेली, आज दूध देणारी आणि आज जंतू सोडणारी गाय त्या लशीनं सापडत नाही. ती सापडवण्याची सोय या राज्यात एकाच यंत्रणेकडे आहे. दिवसातून दोनदा, गावातल्या जवळजवळ प्रत्येक गोठ्याचं दूध जिच्या टेबलावर आपण होऊन येतं, ती यंत्रणा तुमची आहे.

मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. आता कुणी हाक मारली तर जातो. बोलावणं बहुतेक वेळा एकाच कारणाचं असतं: "डॉक्टर, गाय गाभडली, वार पडंना."

हे गोठ्यात कसं घडतं ते तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं असेल. गाय सहाव्या-सातव्या महिन्यात असते. आदल्या संध्याकाळी तिनं धड वैरण खाल्लेली असते. पहाटे बघावं तर मागं मेलेलं वासरू, आणि वार अर्धी लोंबकळत अडकलेली. घरचा माणूस बाह्या वर सारतो, हाताला गोडं तेल लावतो आणि ओढून काढतो. वासरू पाटीत घालून उकिरड्यावर, नाहीतर ओढ्याकाठी टाकलं जातं. रात्री कुत्री तेच ओढत नेऊन दुसऱ्याच्या दावणीसमोर टाकतात. गोठ्यातली घाण घरातली बाई खराट्यानं आणि उघड्या हातानं काढते, आणि त्याच हातानं पदर सावरत चुलीकडं जाते. या वारेत आणि गर्भजलात जंतू ग्रॅमला अब्जावधींनी असतात. वैरण कापताना बोटाला पडलेली चीर त्यांना पुरते. डोळ्यात उडालेला थेंब पुरतो. झाडताना उडालेले तुषार श्वासातून गेले तरी पुरतात.

फसगत पुढंच आहे. ती गाय पुन्हा माजावर येते, भरवली की कधी एकदोनदा उलटते, पण शेवटी गाभण राहते आणि पुढच्या वेताला बहुतेक वेळा नीट वितेही. मालक म्हणतो, नजर लागली होती, उतरली. जंतू मात्र कासेत आणि कासेजवळच्या गाठींत मुक्कामाला असतात. दुधातून अधूनमधून बाहेर पडतात, आणि विताना वारेबरोबर पुन्हा भरभरून. जनावरात यावर व्यवहार्य उपचार नाही. दिसायला गाय धडधाकट, अंगावर चमक, दुधाला चांगली. आणि म्हणूनच ती दुसऱ्याच्या गोठ्यात सहज विकली जाते.

माणसाचं काय होतं? संध्याकाळी ताप चढतो, पहाटे घामानं अंथरूण भिजतं, आणि दिवसा माणूस हिंडाफिरायला बरा असतो. आठ-दहा दिवस ताप जातो, मग परत येतो. कंबर धरते, गुडघे धरतात, पुरुषांत कधी वृषणाला सूज येते. माझ्या माहितीतल्या एका दूध उत्पादकावर आधी टायफॉईड म्हणून उपचार झाले, मग संधिवात म्हणून, मग मणक्याच्या क्षयाचा संशय आला. तीन ठिकाणच्या फायली जमा झाल्या. कुणी त्याला गोठ्याबद्दल विचारलं नव्हतं, आणि गाय गाभडली होती हे डॉक्टरला सांगण्यासारखं आहे असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं. शेवटी एका डॉक्टरनं सहज विचारलं, घरी जनावरं किती? तिथून धागा लागला. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता, हा साधारण उपचार आहे. औषधं जुनी आहेत, सगळीकडे मिळतात. अवघड असतं ते निदान. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. या माणसाचा ताप गेला, पण कंबर पूर्वीसारखी झाली नाही. आता धारा मुलगा काढतो.

इथं तुमच्यातला एखादा संचालक म्हणेल, आपलं दूध तर पाश्चराईज होऊनच पिशवीत जातं. खरं आहे. ७२ अंशाला पंधरा सेकंदांत हा जंतू मरतो. शिवाय आपल्याकडे घरोघरी दूध उतू जाईस्तोवर तापवतात. मुंबई-पुण्यातल्या गिऱ्हाईकाला तुमच्या पिशवीतून ब्रुसेलोसिस होत नाही, आणि कुणी तशी अफवा उठवली तर ती खोडून काढायला मी पहिला उभा राहीन. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. पिणारा सुरक्षित आहे, पुरवणारा नाही.

या रोगाचा इतिहासच तसा आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिशांची मोठी शिबंदी होती आणि सैनिक तापानं अंथरूण धरत होते. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत जंतू शोधला. तो येतो कुठून, हे कळायला पुढं अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्या या रोगाच्या निघाल्या. १९०६ मध्ये सैनिकांचं शेळीचं दूध बंद झालं आणि छावणीतला ताप झपाट्यानं ओसरला. पण गावातल्या शेळ्या दारोदार फिरतच राहिल्या, दारातच दूध काढून द्यायची पद्धत चालूच राहिली, आणि स्थानिक माणसं पुढची कित्येक वर्षं त्याच तापानं कण्हत राहिली. छावणीचा प्रश्न सुटला होता ना, मग बाकीच्यांची घाई कुणाला? आपली पिशवी आणि आपला गोठा यांच्यात आज तेवढंच अंतर आहे.

आणखी एक आठवण, खास तुमच्या धंद्यातली. गायीचा हा जंतू आणि माल्टाच्या तापाचा जंतू जवळचे नातेवाईक आहेत, म्हणून कच्चं दूध धोक्याचं आहे, असं १९१८ मध्ये अमेरिकेत ॲलिस इव्हान्स या संशोधिकेनं मांडलं. दूधवाल्यांनी तिला हसण्यावारी नेलं. पाश्चरायझेशनची यंत्रं विकणाऱ्यांशी तिचं साटंलोटं असणार, असंही बोललं गेलं. पुढं तिला स्वतःलाच हा ताप झाला आणि तो अनेक वर्षं पुरला. ती बरोबर होती हे दूध धंद्याला कळेपर्यंत बराच काळ लोटला. आपण तेवढा लावू नये.

आता कामाचं बोलतो. मिल्क रिंग टेस्ट नावाची एक जुनी, स्वस्त चाचणी आहे. बारीक काचनळीत एक मिलिलिटर न तापवलेलं दूध घ्यायचं. त्यात निळ्या-जांभळ्या रंगाच्या अँटिजेनचा, म्हणजे रंगवलेल्या मेलेल्या जंतूंच्या द्रावणाचा, एक थेंब टाकायचा. नळी हलक्या हातानं दोन-तीनदा उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. मग ३७ अंशाला तासभर ठेवायची. साय वर येते. दुधात या जंतूविरुद्ध गायीच्या शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं असतील तर ती रंगवलेल्या जंतूंना धरून सायीच्या कणांना चिकटतात, आणि सायीबरोबर रंगही वर चढतो. नळीच्या तोंडाशी निळी कडी, खाली पांढरं दूध. प्रतिपिंडं नसतील तर उलटं दिसतं: वर पांढरी साय आणि खाली निळसर दूध. याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. सोसायटीचा जो सचिव रोज फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्तचे घन घटक) बघतो, तो एका सकाळी हे शिकेल.

चाचणीच्या मर्यादाही सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडणं लागतील. दगडी (कासेची सूज) झालेल्या गायीचं दूध, चीक, आटत आलेलं दूध, किंवा नुकत्याच लस टोचलेल्या जनावराचं दूध खोटी कडी दाखवू शकतं. म्हणून कडी आली की लगेच शिक्का मारायचा नाही. त्या गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचं रक्त रोझ बेंगॉल आणि एलायझा चाचणीला पाठवायचं. पुण्यात औंधला रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा त्यासाठी आहेच. एकदा कडी आली नाही म्हणजे गोठा कायमचा सुटला असंही नाही, भाकड गायीचं दूध त्या दिवशी कॅनमध्ये नसतंच. म्हणून वर्षातून तीनदा तरी तपासायला हवं. म्हशीच्या दुधाला ही चाचणी तितकी भरवशाची धरू नका, तिथं एलायझा बरी. शेळ्यामेंढ्यांच्या दुधाला ती चालतच नाही. त्यांच्यातला जंतू तर माणसाला जास्त तापदायक, पण तो विषय तुमच्या संकलनाबाहेरचा, वेगळ्या पत्राचा.

आणि कृपा करून बल्क कूलरमधलं सगळ्या गावाचं एकत्र दूध तपासून मोकळे होऊ नका. दीडशे गोठ्यांच्या दुधात एका गायीची कडी विरून जाते. तुमच्याकडे घरटी नमुना रोज निघतोच, फॅटसाठी. त्याच बाटलीतून एक मिलिलिटर जास्त घ्या.

खरी अडचण नळीत नाही, सभासदाच्या मनात आहे. गाय पॉझिटिव्ह निघाली आणि संघानं दूध बंद केलं, तर दहा दिवसांचं बिल बुडालं. त्या बिलावर सोसायटीचं कर्ज, पेंडीची उधारी आणि पोराची फी चालते. ही भीती असताना कुठला शेतकरी तुम्हाला नमुना देईल? तो शेजाऱ्याच्या गायीचं दूध बाटलीत भरून आणील, आणि मी त्याला दोष देणार नाही. म्हणून चाचणीच्या आधी संघानं लेखी जाहीर केलं पाहिजे: गोठ्याचं दूध बंद होणार नाही. पक्की पॉझिटिव्ह ठरलेल्या गायीचं दूध तेवढं बाजूला ठेवायचं, बाकीच्या गायींचं नेहमीसारखं घ्यायचं, आणि बाजूला काढलेल्या दुधाचे पैसे संघाच्या निधीतून द्यायचे. नावं सोसायटीच्या फळ्यावर लावायची नाहीत. हे सांगावं लागतं, कारण फळा आपल्याला फार प्रिय असतो.

निधी कुठून? हिशेब करून बघा. रोज एक लाख लिटर संकलन असलेल्या संघानं लिटरमागे दोन पैसे बाजूला काढले, तर दिवसाला दोन हजार आणि वर्षाला सात लाख तीस हजार रुपये होतात. दिवाळीच्या दर फरकात दोन पैशांनी कुणाची मिठाई कमी होत नाही. अँटिजेन, काचनळ्या, हातमोजे आणि सुरुवातीची भरपाई यातून निघेल. लागण जास्त निघाली तर दोनाचे चार करावे लागतील, पण तो आकडा तुम्हाला तपासल्यावरच कळणार.

पॉझिटिव्ह गायीचं पुढं काय, हा यातला सगळ्यात कडू प्रश्न. ऑस्ट्रेलियानं तपासायचं, कापायचं आणि मालकाला भरपाई द्यायची हा रस्ता धरला आणि १९८९ मध्ये तो देश गोवंशातल्या या रोगातून मोकळा झाला. आपल्या राज्यात गायीसाठी तो रस्ता १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. त्यावर वाद घालायची ही जागा नव्हे. पण मग गाय जाते कुठं, हे तर बोलू. ती आठवडे बाजारात जाते. घेणारा दात बघतो, सड बघतो, कास दाबून बघतो, दुधाची शीर बघतो, एक धार काढून बघतो. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर कुणी बघत नाही. गाय दोन हातांतून तिसऱ्या गावाला पोचते आणि तिथं पुढच्या वेताला सगळा गोठा खराब करते. शेतकऱ्यानं ती विकायची नाही असं वाटत असेल, तर ती न विकणं त्याला परवडलं पाहिजे. माझं मत असं, की अशा गायीच्या दुधाचं नुकसान संघानं सोसावं आणि वैरणीचा भार मालकानं उचलावा. तिला विताना वेगळ्या जागेत बांधावं आणि तिच्या बिल्ल्याचा नंबर संघाच्या नोंदीत 'विक्री नाही' असा असावा. हे आदर्श उत्तर नाही. पण आजच्या उत्तरापेक्षा, म्हणजे बाजारापेक्षा, बरं आहे. नवी गाय आणायला संघ कर्ज देतो, त्या कर्जाला रक्ततपासणीच्या दाखल्याची अट घालणं तर आजही तुमच्या हातात आहे.

दुसरं काम माणसांच्या दवाखान्याशी जोडून घेण्याचं. ज्या घरात गाय पॉझिटिव्ह निघाली, त्या घरातल्या माणसांना कुणी ताप, घाम, कंबरदुखी आहे का हे विचारलं पाहिजे, आणि त्यासाठी त्यांच्या संमतीनं प्राथमिक आरोग्य केंद्राला एक चिठ्ठी गेली पाहिजे. आज गायीचा रिपोर्ट पशुवैद्याच्या पिशवीत राहतो आणि माणसाचा रिपोर्ट डॉक्टरच्या फायलीत. दोघांची भेट होत नाही. गुजरातेत आणंद भागात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं करमसदच्या वैद्यकीय महाविद्यालयाला बरोबर घेऊन जनावर आणि माणूस दोन्हीकडून हा रोग शोधायचं काम केलं आहे. आपले संघ इतक्या बाबतीत आणंदकडे बघतात, यातही बघायला हरकत नाही. डॉक्टरांना एक विनंती अशी करावी, की संशय असेल तर रक्त कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवताना प्रयोगशाळेला तसं कळवा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना कामावर होणाऱ्या संसर्गांत हा जंतू फार वरचा आहे.

लशीबद्दलही तुमची मदत लागेल. चार ते आठ महिन्यांची खिडकी लहान असते. लस देणारा गावात येतो तेव्हा निम्म्या कालवडी अजून दूध पीत असतात नाहीतर वर्षाच्या होऊन गेलेल्या असतात, आणि त्या पुन्हा यादीत येत नाहीत. कृत्रिम रेतनाची नोंद मात्र तुमच्याकडे असते. कुठली गाय कधी भरवली हे माहीत, म्हणजे कधी विणार हे माहीत, म्हणजे तिची कालवड चार महिन्यांची कधी होणार हेही माहीत. ही यादी दर महिन्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला दिली, तर लस वाया जाणार नाही. फक्त एक लक्षात असू द्या: ही जिवंत जंतूची लस आहे. टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर त्यालाच हा आजार होऊ शकतो. लसीकरणाला गॉगल आणि हातमोज्यांशिवाय उभं राहणाऱ्या पोराला तुम्ही बघाल, तेव्हा त्याचं कौतुक करू नका, त्याला मोजे द्या.

मोज्यांवरून आठवलं. सोसायटीच्या दुकानात पेंडीची पोती असतात, खनिज मिश्रण असतं, मशीनचं तेल असतं. रेतन करणारे वापरतात तसले खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे आणि चुन्याची पिशवी तिथं का नसावी? गाभडलेलं वासरू आणि वार कमरेइतक्या खड्ड्यात चुना टाकून पुरली, तर निम्मं काम तिथंच होतं. यासाठी कुठल्याही मंजुरीची गरज नाही. गोठा बहुतेक ठिकाणी बायका सांभाळतात, तेव्हा हे सांगायला सभासद पुरुषांची बैठक न घेता बायकांची घ्या.

राहिलं निरसं दूध. पैलवानकीच्या मुलखात धारोष्ण दुधाबद्दल बोलणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं आहे. कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. ती चव मला माहीत आहे आणि तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. एवढंच म्हणतो, की ज्या जनावराचं दूध असं प्यायला द्यायचं, ते जनावर तरी तपासलेलं असावं.

सभेसाठी ठरावाचा मसुदा देतो, म्हणजे सचिवांना शोधत बसायला नको. "संघाच्या सर्व प्राथमिक संस्थांमध्ये उत्पादकनिहाय गायीच्या दुधाची वर्षातून तीन वेळा ब्रुसेलोसिससाठी तपासणी करण्यात यावी, तपासणीच्या कारणाने कोणत्याही सभासदाचे दूध नाकारण्यात येऊ नये, मात्र बाधित ठरलेल्या गायीचे दूध वेगळे ठेवून त्याची भरपाई द्यावी, त्यासाठी लिटरमागे दोन पैशांचा निधी उभारावा, आणि बाधित गोठ्यातील कुटुंबीयांच्या रक्ततपासणीसाठी, त्यांच्या संमतीने, प्राथमिक आरोग्य केंद्राशी समन्वय साधावा." सूचक मी होतो, अनुमोदक तुम्ही शोधा. सगळा संघ एकदम नको वाटत असेल तर एका मार्गावरच्या दहा सोसायट्या घ्या आणि पुढच्या सभेत आकडे मांडा. सचिवांना चाचणी शिकवायला मी येईन, मानधन नको. अँटिजेन मात्र फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायला सांगा. बर्फाच्या कप्प्यात गोठलं की ते फेकून द्यावं लागतं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
आणि दोन गायींचा सभासद दूध उत्पादक